कमरेला बांधलेले बार

दिवाळी उलटून गेल्यानंतरचा रविवार. वेळ दिवस मावळतीची. जागा बावडा गावाच्या अलीकडचं आमचं मक्याचं रान. त्याच्या एका अंगाला शेजाऱ्याचा ऊस, दुसऱ्या अंगाला आमचे कांद्याच्या रोपाचे वाफे. हजर: आबा, म्हणजे माझे सासरे, ठासणीच्या बंदुकीसह. त्यांचे चिरंजीव, म्हणजे आमचे मालक, हातात बॅटरी आणि चेहऱ्यावर शंका. शेजारचे तात्या, बिडीसह, म्हणून बंदुकीच्या दारूपासून लांब, वाफ्याच्या बांधावर बसवलेले. मी, स्टीलचा डबा घेऊन. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, घरी. गैरहजर: डुकरं. पण त्यांची काळजी नव्हती. ती वेळेची पक्की आहेत.

मका होता गाईंच्या मुरघासासाठी, म्हणजे आंबवून साठवायच्या चाऱ्यासाठी. कणसं दुधात आली आणि नदीकडच्या उसातून रानडुकरं सुरू झाली. ती खातात थोडं आणि लोळतात फार. सकाळी बघावं तर मक्यात कुणी बैलगाडी फिरवल्यासारखं. डुकरं मारायची तर वन खात्याची परवानगी वेगळी काढावी लागते. आम्ही मारत नाही. आबांकडे पीक राखण्याच्या परवान्यावरची जुनी ठासणीची बंदूक आहे. तिच्यात छर्रे न घालता नुसती दारू आणि चिंधी ठासायची, तोंड आभाळाकडं करायचं आणि बार काढायचा. आवाजानं कळप उसात पळतो.

अडचण दुसऱ्या बाराची. पहिल्या बारानंतर आबा बंदुकीच्या नळीतून ओली चिंधी फिरवायचे, कारण आत ठिणगी राहिली असेल तर नवीन दारू तोंडावर येते. मग दारूची बाटली शोधायची. मग तळहातावर अंदाजानं दारू ओतायची, त्यातली थोडी वाऱ्यानं जायची, की परत ओतायची. मग चिंधी. मग ती ठासायला गज. गज मघाशी कुठं ठेवला होता, यावर थोडी चर्चा. मग घोड्याखाली ठिणगी पाडणारी टोपी. तेवढ्या वेळात माझी गाय धार देऊन मोकळी होईल. डुकरांनी हे आमच्याआधी ओळखलं. पहिला बार झाला की ती उसाच्या कडेला जाऊन थांबायची, दम खायची आणि आरामात परत यायची.

त्यात परवान्याच्या नूतनीकरणाची मुदत आली. मालकांनी विषय काढला.

"आबा, बंदूक जमा करून टाकू ठाण्यात. एका बाराची बंदूक काय कामाची?"

"का? तुला खाया मागती का?"

"डुकरं हसत्यात आपल्याला."

"हसू दे की. तू बी हसतोस. तुला जमा केलं का मी?"

आबा बोलले तसं, पण त्या दिवशी ते जेवले कमी. बंदूक त्यांच्या चुलत्यांची. तिच्या जोरावर रानाची राखण अजून त्यांच्याकडं होती. बाकी सगळं एकेक करून मालकांकडं गेलं होतं: ट्रॅक्टर, ठिबक, कारखान्याची सभा. बंदूक गेली की आबांना संध्याकाळी रानात जायला कारण उरणार नव्हतं, आणि हे घरात सगळ्यांना माहीत होतं. शेवटी मालकच नरमले. म्हणाले, येत्या रविवारी बघू. डुकरं परत फिरायच्या आत दुसरा बार भरला, तर नूतनीकरण. नाही भरला, तर जमा.

मी वडगाव निंबाळकरची, दूध व्यवसायाच्या घरातली. दोन वेळच्या धारा, खुराक, डॉक्टर, मुरघास हे सगळं वेळेवर होतं ते आधी मांडून ठेवल्यानं, हे मी लहानपणी शिकले. मला प्रश्न बंदुकीचा दिसेना. मांडणीचा दिसला. फोडणी टाकताना कुणी मोहरीचा डबा शोधत बसतं का?

"आबा," मी म्हटलं, "बार आधीच मोजून, बांधून कमरेला ठेवले तर?"

आबा हसायला लागले. "अगं, आमी तेच करायचो! चुलता शिकारीला जायचा तवा बोरूच्या नळ्या असायच्या माझ्याकडं. एकेका नळीत एकेक बार, तोंडाला मेण. तितर उठला, बार झाला, की त्यानं मागं हात करायचा आन् मी नळी द्यायची. त्याला मागं बघायची गरज न्हाय पडली कधी."

"मग बंद का केलं?"

"शिकार बंद झाली. नळ्यांचं काय करायचं?"

बोरू आता कुठं शोधायचा? माझ्या गुडघ्यांसाठी होमिओपॅथीच्या गोळ्या चालू आहेत. त्यांच्या प्लास्टिकच्या छोट्या नळ्या, अंगठ्यानं उडणाऱ्या झाकणाच्या, मी कधी टाकत नाही. धुऊन, वाळवून ठेवते. घरचं कांद्याचं बी मी त्यातच भरते, एका नळीत एका ओळीचं, म्हणजे पेरताना हात सैल सुटत नाही. आणखी नळ्या होत्याच. रविवारी सकाळी ओसरीवर आबांनी मापानं दारू ओतली आणि मी नळ्या भरल्या. बी एका डब्यात, बार दुसऱ्या डब्यात. दोन्ही झाकणांवर चिकटपट्टी लावून लिहिलं: कांदा. आबा.

जुन्या दप्तराचा पट्टा काढून त्याला मी कप्पे शिवले. उजवीकडं नळ्या, डावीकडं चिंध्या, मागं गजासाठी फासा. आबांनी तो पट्टा दोन बोटांत धरून पाहिला.

"हे काय बाळंतिणीचं हाय का?"

"कमरेला बांधा, मग बोला."

बांधला. ओसरीवर दोन फेऱ्या मारल्या. रिकाम्या नळीनं, रिकाम्या बंदुकीवर, खोटाखोटा बार भरून पाहिला. परत एकदा पाहिला. दुपारी चहाला बोलावलं तरी येईनात.

तर संध्याकाळी वर लिहिलेली मंडळी रानात जमली. मी डब्यातल्या नळ्या पट्ट्यात लावून दिल्या. पहिला बार आबांनी घरूनच, बाटलीतल्या दारूनं भरून आणला होता. अंधारून यायला लागलं तसा मक्यात करकर आवाज सुरू झाला. आबांनी बंदुकीचं तोंड वर केलं आणि बार काढला. धडाड्! कळप उसाकडं पळाला. तात्यांनी लांबून विचारलं, "लागला का?"

"आभाळाला लागला. तुमी बसा."

आणि मग आबांनी जे केलं ते बघण्यासारखं होतं. ओली चिंधी बंदुकीच्या नळीतून फिरवली. हात उजवीकडं, अंगठ्यानं झाकण, नळी बंदुकीच्या तोंडात उपडी. हात डावीकडं, चिंधी. हात मागं, गज; दोनदा ठासला. टोपी. झालं. डुकरं उसाच्या कडेला अजून धापा टाकत होती. मालकांनी बॅटरी माझ्याकडं वळवली, जणू काही मी चोरून काही केलंय.

"भरली?" त्यांनी विचारलं.

"येऊ दे त्यास्नी," आबा म्हणाले. आवाजात तरुणपण होतं.

ती आली. पुढची मोठी मादी मक्यात शिरली. आबांनी चाप ओढला.

टप्.

नुसती टोपी वाजली. आबांनी दुसरी टोपी बसवली. टप्. तिसरी. टप्. मादीनं मान वर करून आमच्याकडं बघितलं आणि परत कणसाला लागली.

"दमट हाय दारू," आबा म्हणाले.

"सकाळी तर तुमीच मोजून ओतलीय," मालक म्हणाले. त्यांना हसू आवरत नव्हतं. "आबा, राहू द्या आता. उद्या जाऊ ठाण्यात."

आबा पट्टा सोडायला लागले. ते मला बघवेना. मी त्यांच्या पट्ट्यातली एक नळी काढली, तळहातावर ओतली आणि बॅटरी मागितली. काळं, बारीक, कंगोरेदार. बोटानं चुरडलं. चुरडलं जाईना. तात्या उठून आले; बिडी विझवून या म्हटलं, तर ती बांधावर ठेवून आले. त्यांनी एक दाणा दाताखाली धरला.

"वैनी, कांदा हाय की हा!"

मग तात्या जे हसायला लागले ते खालीच बसले. मालक तर बॅटरी हलवून हलवून हसत होते, "आबा, डुकरांवर कांदा झाडला!" मी मात्र हसले नाही. मी हिशेब लावत होते. बी जर इथं आहे, तर मग दुसऱ्या डब्यात काय होतं?

"अवो," मी मालकांना विचारलं, "दुपारी तुमी वाफ्यात काय पेरलं?"

"कांदा. डब्यावर लिवलंय की तू."

"हात काळे झाले का?"

"झाले. मला वाटलं तू बियाला औषध चोळलंस." आणि बोलता बोलता त्यांचं हसू थांबलं.

आम्ही सगळे वाफ्याकडं वळलो. वाफ्याच्या बांधावर, अंधारात, तात्यांची बिडी लाल दिसत होती.

"तात्या, बिडी!" मालक ओरडले आणि स्वतःच पळाले. चप्पल एकीकडं, बॅटरी एकीकडं. बिडी उचलून त्यांनी पाटात फेकली, वर दोन ओंजळी पाणी टाकलं. खरं तर पेरणीनंतर वाफ्यावर तासभर तुषार चालू होते. दारूचा केव्हाच चिखल झाला होता, तिच्यानं काडेपेटीचा गुलसुद्धा पेटला नसता. पण ते त्या वेळी कुणी सांगायचं? तात्या तोवर उसाच्या दिशेनं निम्म्या वाटेवर पोचले होते. समोरून कुणी एवढ्या जोरात येतंय म्हटल्यावर डुकरं मका सोडून गेली. त्या संध्याकाळचा सगळ्यात गुणकारी बार तात्याच ठरले.

घरी आल्यावर उलगडा झाला. झाकणांवर हळदीचे डाग होते म्हणून आत्याबाईंनी सकाळीच दोन्ही झाकणं घासली, उन्हात ठेवली आणि वाळल्यावर परत बसवली. चिकटपट्ट्या त्यांनी जपल्या होत्या, झाकणांची मात्र अदलाबदल झाली होती.

"मी डब्यात हात घातला व्हता का?" त्यांनी विचारलं. "झाकणाला झाकण. त्यात काय बघायचं?"

नाव झाकणावर लिहू नये, डब्याच्या अंगावर लिहावं, हा नियम मी तिथल्या तिथं केला. आत्याबाईंनी त्यावर इतकंच विचारलं की मग अंगच घासायला काढलं तर.

जेवायला बसल्यावर मालकांनी हळूच विषय काढला. "आबा, बंदुकीचं तसं..."

आबांनी भाकरी मोडली. "बार भरला का न्हाय मी?"

"भरला."

"डुकरं फिरायच्या आत?"

"व्हय. पण उडला न्हाय."

"उडायचं ठरलं नव्हतं. भरायचं ठरलं व्हतं." मग भाकरी खाली ठेवून म्हणाले, "आन् तरी जमा कर म्हणशील, तर करतो. तू पेरलेली दारू उगवून आली, की त्याच दिवशी."

आत्याबाईंना ठसका लागला. मालकांनी पाण्याचा तांब्या त्यांच्याकडं सरकवला आणि म्हणाले, "फोटो लागत्याल नूतनीकरणाला. उद्या काढून घ्या."

फोटो काढले. पांढरी टोपी, कडक इस्त्री, बंदूक नाही म्हणून थोडे नाराज. अर्ज भरला. नवे बार भरले, पट्टा आबांच्या खुंटीवर असतो, आणि शेजारपाजारचे दोघं जण तसाच पट्टा शिवून मागतात. वाफ्यात नवीन बी पडलं.

राहिलंय ते एकच. अर्जासोबत बंदूक ठाण्यात दाखवायला न्यावी लागते, नळी साफ करून. आबांनी दोन टोपल्या शिव्या देत गजाच्या टोकाला मळसूत्री काटा लावून चिंधी बाहेर काढली. तिच्या मागचं बी मात्र टोप्यांच्या ठिणग्यांनी भाजलंय, ओल्या चिंधीच्या पाण्यानं फुगलंय आणि तळाशी घट्ट बसलंय. मी आबांना रॉकेल सुचवलंय, तात्यांनी सायकलच्या पंपाची हवा सुचवलीय, आत्याबाई म्हणतात उन्हात ठेवा. नळी अजून तुंबलेलीच आहे.