दोन कौलं

गुरुवारी सकाळी सर्वेशने आईला तीनदा विचारलं, "आये, आज वार खंयचो?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा किशोरी भाकरी थापत होती. गुरुवार, म्हणाली. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिला वाटलं, पोराचं अर्धं लक्ष मोबाइलात असणार. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याच्या हातात मोबाइल नव्हता, कानात काही घातलेलं नव्हतं, आणि तो सरळ तिच्याकडे बघत होता. तव्यावरची भाकरी करपली तरी तिचा हात पुढे गेला नाही. आज शनिवार उजाडला तरी तेच वाक्य तिच्या मानगुटीवर बसलेलं होतं. शिकवणीच्या मुलांना तिने आठाचा पाढा दोनदा चुकीचा सांगितला आणि मुलं एकमेकांकडे बघून हसली.

सर्वेश चोवीस वर्षांचा. म्हापशाच्या एका व्यावसायिक फुटबॉल क्लबात गोलकीपर. उद्या रविवारी त्या क्लबाचा उपांत्य सामना होता. त्याच्या गावी, शिरोड्यात, आठवडाभर दुसरा विषय नव्हता: गोलात उभा कोण राहणार, आपला सर्वेश की विजयदुर्गाचा विनीत?

सर्वेशला गोलकीपर कोणी केलं, असं कोणी विचारलं तर त्याचा बाप गंगाराम म्हणायचा, "मी. आणखी कोण?" ते खोटं नव्हतं. गंगारामची माडांची बाग होती, आणि उन्हाळ्यात तो लोकांच्या छपरांची कौलं काढून, झाडून पुन्हा बसवायची कामं घ्यायचा. सर्वेश आठ वर्षांचा असल्यापासून बापाबरोबर जायचा. गंगाराम छपरावरून कौल सोडायचा आणि खाली हा झेलायचा. पहिल्या दिवशी तीन फुटली. तेव्हा बापाने वरून ओरडून सांगितलं होतं, "कौलाक धरूक जाव नको रे. तेका येऊंक दी, आणि मगे हात मागे घे." त्यानंतर त्या पोराच्या हातून कौल फुटलेलं कोणी पाहिलं नाही. मजुरीच्या गडीमाणसांनी गंमत म्हणून दोन-दोन कौलं एकदम सोडून बघितली. त्याने एक उजव्या हातात घेतलं, दुसरं पोटाशी. पुढे ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरच्या कडक वाळूत पोरं फुटबॉल खेळू लागली तेव्हा सुरूच्या दोन काठ्यांमध्ये कोण उभं राहणार, हा प्रश्नच आला नाही.

म्हापशाला निवड झाली तेव्हा किशोरीनेच गंगारामला समजावलं होतं. ती सावंतवाडीच्या कॉलेजातून बी.ए. झालेली. मुलाच्या हातात काय आहे ते तिला कळत होतं. पण क्लबात गोलकीपर एकच खेळतो, आणि तो विनीत होता. एकतीस वर्षांचा, सात वर्षं क्लबात मुरलेला. सर्वेशने दोन मोसम बाकावर बसून काढले. घरी आला की पाय पसरून म्हणायचा, "आये, बाक गुळगुळीत केलंय मी. पुढच्या बसणाऱ्याक त्रास होऊचो नाय."

गेल्या सामन्यात मात्र विनीतने लांबून मारलेले दोन चेंडू सोडले, आणि इथे धोंडूच्या हॉटेलात रण पेटलं.

"दोन गोल! एकतीस यार्डांवरसून!" धोंडू चहा गाळता गाळता गर्जायचा. "विजयदुर्गाचो किल्लो अजून शाबूत आसा मेल्यानू, गोलच तेवडो उघडो!"

"आणि पेनल्टी कोणी अडवल्यान? तुझ्या सर्वेशान?" सिद्धेश म्हणायचा. त्याची सासुरवाडी विजयदुर्गाची. "उपांत्य सामन्याक अनुभव लागता. पोरग्याचे पाय लटपटतले."

"हो बघा, सासुरवाडीचो वकील उठलो! तुका थयसून रविवारचे बांगडे येतत, म्हणान तू बोलतंस."

"बांगड्यांचो आणि गोलाचो काय संबंध?"

"माशाच्या जाळ्याक आणि विनीतच्या जाळ्याक दोगांकय भोकां!"

अख्खं हॉटेल हसायचं. कोपऱ्यात बसलेला गंगाराम हसायचा नाही, पण जन्मात ज्याने मुलाचं चारचौघांत कौतुक केलं नाही, तो परवा म्हणाला, "माझो झील उभो रवलो काय आत जातलो नाय चेंडू." हे धोंडूनेच येऊन किशोरीला सांगितलं, जसं काही गंगारामने नवसच फेडला होता.

आणि ह्या सगळ्यांत एकटी किशोरी होती, जिला आपला मुलगा उद्या बाकावर बसायला हवा होता.

सोमवारी सरावात सर्वेश चेंडूवर झेपावला आणि त्याचं डोकं गोलाच्या खांबावर आपटलं. मिनिटभर तो तसाच पडून होता. उठला आणि म्हणाला, पाय घसरला. तीन दिवसांची सुटी होती म्हणून मंगळवारी घरी आला. त्यातलं त्याने इथे काहीच सांगितलं नाही.

बुधवारी गंगारामने गोठ्याच्या छपराची एक बाजू काढली. माकडांनी उड्या मारून अर्धी कौलं फोडली होती. बाप वर, मुलगा खाली, सोळा वर्षांची सवय. गंगारामने पहिलं कौल सोडलं. सर्वेशने हात पुढे केले. कौल त्याच्या हातांपासून वीतभर लांबून गेलं आणि चिऱ्यावर आपटून त्याचे तुकडे झाले.

"बाबांचो हात थरथरता आता," सर्वेश मोठ्याने म्हणाला. वरून शिवी आली. दोघंही हसले. पुढची कौलं सर्वेशने झेलली, पण प्रत्येक वेळी एक डोळा मिटून. गंगारामला वरून ते दिसलं नाही. किशोरी गोठ्याच्या दारात उभी होती. तिला दिसलं.

गुरुवारी भाकरी करपली तेव्हा तिने त्याला समोर बसवलं. "कालचा कौल कसा गेला? खरा सांग."

त्याने करपलेल्या भाकरीचा तुकडा मोडला. मग हसत म्हणाला, "दोन कौलां इली, आये. खंयचा झेलू ता कळला नाय."

हळूहळू सगळं बाहेर आलं. खांब, मिनिटभराचा काळोख, उलटी. त्याला उचलायला सगळ्यांत आधी विनीत धावला होता. त्याने हात समोर धरून विचारलं होतं, बोटं किती? "माका चार दिसत होती," सर्वेश म्हणाला. "म्हटलंय, सगळा डबल दिसता तर अर्धी सांगूया. दोन म्हटलंय. बरोबर निघाला!" आणि एवढं बोलून तो आपल्याच हुशारीवर हसला.

"ऊठ. आत्ताच्या आत्ता डॉक्टराकडे."

"डॉक्टराक दाखवलंय तर तो कागद करतलो. कागद क्लबात जातलो. दोन वर्षां बाकावर काढलंय गो मी! ह्या एका रविवारासाठी."

"रविवार परत येतलो."

"माझो येवचो नाय. विनीतान ह्यो सामनो मारल्यान तर पुढची दोन वर्षां तोच." मग त्याने तिचा हात धरला आणि स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "माझ्या गळ्याची शपथ घे. परशुराम सरांक सांगूचंस नाय. बाबांक सांगूचंस नाय. खंयच्या डॉक्टराक सांगूचंस नाय."

परशुराम सर म्हणजे त्यांचे प्रशिक्षक. किशोरीच्या बोटांखाली त्याच्या गळ्याची शीर उडत होती. बी.ए. झालेली बाई, मुलांना विज्ञान शिकवणारी. पण लेकराच्या गळ्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडणं तिला जमणारं नव्हतं. "नाय सांगूचंय," ती म्हणाली, आणि म्हणतानाच तिला कळलं की आपण फसलो. मोडली तर त्याच्या गळ्याला, पाळली तर त्याच्या डोक्याला.

शुक्रवारी पहाटे तो गेला. त्यानंतर तिने मोबाइलवर मिळेल ते वाचलं. सगळीकडे एकच: पहिला मार बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर मेंदू सुजू शकतो, जीवही जाऊ शकतो. आणि गोलकीपरचं काम काय? येणाऱ्या पायांवर डोकं घालणं.

शनिवारी सकाळी धोंडूने वाद मिटवायचा ठरवला. हॉटेलात मतं अर्धी-अर्धी झाली होती. "आता देवीकच विचारूया," तो म्हणाला, आणि दहाच्या सुमाराला वीस-पंचवीस माणसं देवळात जमली. गुरवाने देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गंगाराम सगळ्यांत पुढे, इस्त्रीच्या सदऱ्यात.

"बा देवी म्हाराजा," गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "ह्या तुझा लेकरू सर्वेश, उद्याच्या सामन्याक पयल्या अकरांत उभो रवतलो काय? रवतलो आसात तर उजवो कौल दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. किशोरीचे ओठ हलले नाहीत. तिने डाव्या पाकळीवर डोळे रोखले होते. पड, बाई, पड. आयुष्यात ती देवीशी अशी भांडली नव्हती.

उजवी पडली.

देऊळ दणाणलं. धोंडूने सिद्धेशच्या पाठीत थाप मारली, "जा, सासऱ्याक फोन कर!" गंगारामने हात जोडले ते खाली घेईना. त्याचे डोळे भरून आले होते, आणि किशोरीला त्याच्याकडे बघवेना.

"गुरवानू," ती एकदम म्हणाली, "आणखी एक विचारा. तो सुखरूप घराक येतलो काय, ह्यां विचारा."

धोंडू हसला. "वयनी, फुटबॉलचो सामनो आसा, लढाई नाय!" सगळे हसले. गुरवही हसला. "एका कामाक एकच कौल, वयनी. देवीक छळूचा नाय."

ती घरी आली. तिच्या डोक्यात एकच फिरत होतं. देवी खोटं बोलली नव्हती. विचारलं त्याचंच उत्तर तिने दिलं होतं. तो उभा राहील का, एवढंच ह्यांनी विचारलं. उभं राहावं का, हे एकालाही सुचलं नाही.

दुपारी तिने सर्वेशला फोन लावला.

"आये! सर माकाच उभो करतत वाटता. पाच वाजता नावां सांगतले. उजवो कौल इलो मां? धोंडूकाकान मेसेज टाकल्यान!"

"डोक्याचा काय?"

"काय नाय गो. वायच जड आसा. गोळी घेतलंय." पलीकडे पोरांचा गलका चालला होता. मग तो म्हणाला, "आणि आयक, बाबांक सांग, गोठ्याचा दुसऱ्या बाजूचा छप्पर एकट्यान काढू नका. सामनो झालो काय मी येतंय. कौलां मी झेलतंय."

किशोरीला खिडकीतून गोठा दिसत होता. बुधवारी बसवलेली कौलं उन्हात चमकत होती. त्यांतली निम्मी त्यानेच झेललेली.

"आये? आयकतंस मां?"

"आयकतंय," ती म्हणाली. "सांगतंय बाबांक."

फोन ठेवल्यावर ती ओट्यावर बसून राहिली. घड्याळात साडेतीन. गंगाराम पडवीत सिद्धेशला जोरात सांगत होता, उद्या किती गाड्या न्यायच्या. त्याला हाक मारावी असं एकदा तिच्या तोंडावर आलं. बाबांक सांगूचंस नाय. सरांक सांगूचंस नाय. डॉक्टराक सांगूचंस नाय. तिने ती शपथ शब्दाशब्दाने पुन्हा म्हणून पाहिली, मुलांची उत्तरपत्रिका तपासावी तशी. तीन नावं. गुरवाने देवीला जेवढं विचारलं तेवढंच देवीने सांगितलं. पोराने तिच्याकडून जेवढं वदवून घेतलं तेवढंच तीही बांधील होती.

ही पळवाट आहे, हे तिला कळत होतं. देवीला पटेल की नाही, कोण जाणे.

गेल्या श्रावणात विनीत मोटारसायकलवरून सर्वेशला सोडायला आला होता. तिने त्याला जेवायला थांबवलं. दोनदा भात मागून घेत तो म्हणाला होता, "काकी, बाकीचे धा जण इकडेतिकडे खेळू शकतत. आमका जागा एकच. एकान उभ्या रवाचा, एकान बसाचा. पण एकमेकांचा डोक्या आमीच बघतव." जाताना त्याने नंबर दिला होता. उशीर झाला, गाडी चुकली, काही झालं तर मला फोन करा.

ह्यात सर्वेशचं काय जाणार, हे तिला माहीत होतं. सामना जाईल. कदाचित पुढची दोन वर्षं जातील. धोंडूचं हॉटेल म्हणेल, आवशीनंच झिलाची जागा विजयदुर्गाक दिल्यान. गंगाराम काय म्हणेल ह्याचा तिने विचारच केला नाही. आणि सर्वेश तिच्याशी बोलायचा नाही, कदाचित खूप दिवस. न बोलणारा का होईना, दारातून आत येईल. जेवायला वाढेन, ताट सरकवील. सरकवू दे.

पडवीत गंगाराम हसला. किशोरीने स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं, कडी लावली, आणि मोबाइलवर नाव शोधलं. 'विनीत विजयदुर्ग.' पहिलं वाक्य कोणतं बोलायचं ते पक्कं होतं: "विनीत, सोमवारी तू सर्वेशाक बोटां किती म्हणान विचारलंस मां? तेना दोन सांगितल्यान. तेका चार दिसत होती."

तिने फोन लावला.