ट्रायलची सीट

मी लष्करात एकवीस वर्षं ईएमईत होतो. गाड्या दुरुस्त करणारी ही कोअर. हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि आता अबुधाबीजवळ मुसफ्फाच्या एका गॅरेजमध्ये तेच काम करतो. तिकडे सीमेवर थंडीनं बोटं फुटायची, इकडे उन्हात राहिलेला पाना उचलता येत नाही.

आमच्या युनिटचा एक रिवाज होता. ज्यानं गाडीचं काम केलं, त्यानंच पहिल्या ट्रायलला ड्रायव्हरशेजारी बसायचं. कागदावर कुठे लिहिलेलं नव्हतं. पण त्या भीतीनं बोल्ट नीट आवळले जायचे. इथेही मी तो मोडत नाही. लोक हट्टी म्हातारा म्हणतात, म्हणोत.

गेल्या हिवाळ्यात नितीनची जुनी फोर-बाय-फोर आली. पोरगा दुबईतच वाढलेला. ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणारी पेटी, पार गेली होती. त्यानं शारजातून वापरलेली पण चांगली पेटी मिळवली. माझा मल्याळी सोबती बशीर आणि मी सकाळी सातला लागलो. दोन्ही शाफ्ट सोडले, वजन जॅकवर घेतलं, जुनी पेटी उतरवली. साडेअकराला दुसरी चढली. बशीरनं तेल भरलं. पेटीचे गिअर बदलणाऱ्या लिव्हरचा रॉड मी जोडला.

बाराला नितीन आला. "काका, खलास ना? यल्ला, चला, किल्ली द्या. वाइफ आणि बेबीला घेऊन फुजैराला निघायचंय, डोंगरातून."

"ट्रायल बाकी आहे."

"भाईसाब, जाने दो, सब टाइट है," बशीर म्हणाला.

"मी बसल्याशिवाय गाडी गेटबाहेर जाणार नाही."

नितीन चिडला, पण मला शेजारी घेऊन निघाला. अर्ध्या तासावरच्या वाळूत गाडी घातली. चढ ठीक गेला. उतारावर लो गिअरमध्ये त्यानं ब्रेकवरचा पाय काढला आणि लिव्हर फटकन न्यूट्रलला आली. इंजिनाची पकड सुटली, गाडी मोकळी धावू लागली.

"ब्रेक! दाबून धर!" मी हँडब्रेक ओढला. वाळू होती म्हणून थांबलो.

खाली घुसून पाहिलं. रॉड दोन आटे आखूड बसला होता, त्यामुळे गिअर पुरता अडकत नव्हता. चूक माझी होती.

"काका, बेबी आत असती," नितीन एवढंच म्हणाला.

मी रॉड नीट केला. तोच उतार तीनदा उतरलो, मग किल्ली दिली. मला दत्ता आठवला.

लान्स नायक दत्ता गुरव. चौदा हजार फुटांवरच्या पोस्टवर आमचा ड्रायव्हर. त्याच्या जीपमध्ये मी अशीच पेटी बदलली होती. दुपारी तीन दहाला रेडिओ वाजला. "खालच्या पोस्टवर एक कॅज्युअल्टी. गाडी ताबडतोब पाठवा. ओव्हर." ट्रायल झाली नव्हती. मी जीपमध्ये चढू लागलो.

दत्ता म्हणाला, "उस्ताद, स्ट्रेचरला जागा लागंल. तुम्ही ऱ्हावा."

मी राहिलो. तीन चाळीसला उतारावर जीप नाल्यात गेली. दत्ता एकटाच होता. जखमी जवानाला साथीदारांनी खांद्यावरून खाली नेलं, तो वाचला. कोर्ट ऑफ इन्क्वायरीनं कारण लिहिलं: बर्फ. इतकी वर्षं मीही तेच मानलं. त्या दिवशी वाळूत पहिल्यांदा वाटलं, बर्फ नसेलही. आता ते कधीच कळणार नाही, आणि हे मला फार जड जातं.

दत्ताचं पार्थिव घेऊन त्याच्या गावी मीच गेलो होतो. सलामी झाली, माणसं पांगली. त्याची आई माझ्याजवळ आली. माझे हात उलटसुलट करून बघू लागली.

"तुमास्नी कुठं कुठं लागलं?"

"मी गाडीत नव्हतो, आई."

तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. "बरं झालं बाबा," म्हणाली. "तू एक तरी घरी जाशील."