दुधाची दाढ

संग्रहालयात तिला सगळे मोजणीबाई म्हणत. सव्वीस वर्षं तिचं काम एकच: दगड झालेली हाडं आणि दात कॅलिपरने मोजायचे, जुन्या नमुन्यांशी ताडून पाहायचे, आकडे तक्त्यात भरायचे. एकच दात ती तीनदा मोजे, तोही तीन वेगळ्या दिवशी.

संचालकसाहेबांना एवढा वेळ नसे. ते नजरेनेच ओळखत. एकदा खाणीतून हरणाच्या जबड्याचा तुकडा आला, बोटाएवढा, मागून मोडलेला. त्यात तीन पाळ्यांची, म्हणजे तीन फुगवट्यांची दाढ होती. हरणाची अक्कलदाढ तीन पाळ्यांची असते, एवढं साहेबांना पाठ होतं. अक्कलदाढ आली म्हणजे प्राणी पुरता वाढलेला. आणि वाढून एवढासाच, म्हणजे बुटक्या हरणाची नवी जात! जातीला नाव कुणाचं द्यावं यावर साहेबांनी बरंच चिंतन केलं आणि शेवटी उपसंचालकांकडून स्वतःचंच सुचवून घेतलं.

मोजणीबाईने दाढेची लांबी, रुंदी आणि कवचाची जाडी मोजली. मग खणांतले एकेचाळीस जबडे काढून बसली. आकडे मोठ्या हरणांच्या अक्कलदाढेशी काही केल्या जुळेनात. जुळले ते पाडसांच्या शेवटच्या दुधाच्या दाढेशी. तीही तीन पाळ्यांचीच असते, फक्त अरुंद आणि पातळ कवचाची. खात्रीसाठी तिने रीतसर परवानगी काढून तुकडा भाचीच्या दवाखान्यात नेला. भाची दातांची डॉक्टर. एक्स-रे पाहून ती हसायलाच लागली.

"मावशी, खाली पक्की दाढ यायच्या तयारीत आहे की! वय काय पेशंटचं?"

"सहा महिने. मरून झाली असतील काही लाख वर्षं."

दुसऱ्या दिवशी तिने एक्स-रे साहेबांच्या टेबलावर ठेवला. "साहेब, हे पाडस आहे."

"बाई, तुम्ही मोजायचं. विचार करायला आम्ही आहोत."

कामाची इतकी चोख वाटणी झाल्यावर बोलायचं काय? ती खाली मान घालून मोजायला गेली. नव्या जातीवरच्या लेखासाठी तक्ता तिनेच करायचा होता. तिने नव्या दाढेचे आकडे लिहिले आणि शेजारीच पाडसांच्या दुधाच्या दाढांचेही; तळाशी नेहमीप्रमाणे 'मोजणी' म्हणून बारीक अक्षरात आपलं नाव. साहेबांनी सही ठोकली. तक्ते वाचणं थोरामोठ्यांना शोभत नाही.

तीन महिन्यांनी शोधपत्रिकेकडून लेख साभार परत आला. परीक्षकांनी लिहिलं होतं, "लेख पटला नाही, तक्ता पटला. आपल्याच आकड्यांनुसार हे ओळखीच्या हरणाचं पाडस आहे."

साहेबांनी तिला आत बोलावलं. "आधी सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं होतं, साहेब."

"नीट सांगायचं ना!"

पुढच्या महिन्यात साहेबांनी 'संशोधनात घाई का करू नये' यावर तासभर व्याख्यान दिलं. पडद्यावर तिचाच तक्ता होता, खाली साहेबांचं नाव. मागच्या रांगेत बसलेल्या मोजणीबाईला वाईट वाटलं. नाही कसं वाटणार? पण त्याच आठवड्यात परीक्षकांचं आणखी एक पत्र आलं, या वेळी थेट तिला. पाडसांचे बाकीचे आकडे मिळतील का, आणि छापताना तुमचं नाव कसं लिहायचं?

ते पत्र तिने भाचीला फोनवर दोनदा वाचून दाखवलं.