दसऱ्याला पुजलेला कागद

नारायणगुड्याच्या एकनाथरावांचा कागदाशिवाय कशावर विश्वास नसे. बेगम बाजारात चाळीस वर्षं भांड्यांचं दुकान चालवलं, पण पावतीशिवाय चमचा बाहेर जाऊ दिला नाही. होणाऱ्या जावयानं पगार सांगितला, तर या गृहस्थानं त्याची पगारचिठ्ठी मागून घेतली. स्वतःच्या घराबद्दल मात्र त्यांना तिळमात्र शंका नव्हती. वरच्या मजल्याच्या बांधकामाची परवानगी वडिलांनी लाल फडक्यात बांधून देवघरात ठेवली होती. ‘या कागदावर घर उभं आहे,’ असं वडील सांगत, आणि दर दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहिलं जाई. कागद उर्दूत होता, त्या काळी इथलं सरकारी कामकाज उर्दूतच चाले. वडील उर्दू शिकलेले, एकनाथराव मराठी शाळेतले. बापाच्या शब्दाला साक्षीदार कशाला, म्हणून तो कधी कुणाकडून वाचून घेतला नाही.

आता घर विकायचं होतं. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांच्या पत्नी इंदुताई पाय ओढत चालत. लेकीनं, प्रणितानं, पुण्यात आपल्या शेजारीच तळमजल्याचा फ्लॅट धरून ठेवला होता. गिऱ्हाईकही मिळालं होतं, नोकरीसाठी इथं आलेलं कौस्तुभ आणि शर्वरी हे जोडपं. फक्त बँकेला वरच्या मजल्याची परवानगी हवी होती, आणि तीही उद्यापर्यंत.

एकनाथरावांनी कौस्तुभसमोर मोठ्या तोऱ्यात शेजारच्या ख्वाजामियाँना, निवृत्त उर्दू मास्तरांना, बोलावून घेतलं. मास्तरांनी घडी उलगडली, चार ओळी मनात वाचल्या आणि थांबले.

“ऐनक घर पे भूल गया मैं, एकनाथभाई. कल पढ़तूं.”

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

कागदात काही गडबड आहे, हे एकनाथरावांनी ओळखलं. कौस्तुभ मोबाईलमध्ये बँकेची मेल शोधत होता, त्याच्या काही लक्षात आलं नव्हतं. मास्तरांनी पन्नास वर्षांच्या दोस्तीला जागून एक रात्र मिळवून दिली होती. उद्या एकनाथराव म्हणतील तसा तर्जुमा, मराठी भाषांतर, मास्तर लिहूनही देतील. पलीकडे इंदुताई दुखरा पाय चोळत बसल्या होत्या. एकनाथरावांनी लाल फडकं घडी घालून बाजूला ठेवलं.

“आत्ताच वाचा मास्तर,” शेवटी ते म्हणाले, “मोठ्यानं.”

मास्तरांनी वाचलं. ती परवानगी नव्हती. वरचा मजला विनापरवाना बांधला आहे, पंधरा दिवसांत पाडून टाका, अशी ती नोटीस होती. सत्तर वर्षं या घरानं तिलाच फुलं वाहिली होती.

कौस्तुभ उठला. बँकेशी बोलून कळवतो म्हणाला, पण सौद्यासाठी आणलेली फाईल बरोबर घेऊन गेला. मास्तरही खाली मान घालून निघाले. एकनाथरावांनी मुलीला फोन लावायला घेतला. इंदुताईंनी फोन त्यांच्या हातातून काढून घेतला आणि स्वयंपाकघरात गेल्या.

“प्रणिता, तो फ्लॅट आता धरून ठेवू नकोस,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “आणि बाबांपाशी आजोबांचं नाव काढू नकोस, निदान चार दिवस.”