तळहातावरचं दूध

दुधाचे चार थेंब तळहातावर घ्यायचे, जिभेने टिपायचे, डावा डोळा मिटायचा आणि समोरच्याला विचारायचं, "काल गाईला काय घातलं?" उत्तर आलं की उजवा डोळाही बारीक व्हायचा. "खरं सांगायलास ना?"

हुलसूरजवळच्या एका गावात दूध संकलन केंद्रावर तो बसे. सगळे त्याला अण्णा म्हणत. शेजारी फॅट मोजायचं मशीन होतं, पण अण्णाचा त्याच्यावरही विश्वास नव्हता. "त्याला फॅट कळतंय. कांद्याची पात कळतीय का?"

वैरणीचा वास दुधात उतरतो, हे तुम्हीही घरी अनुभवलं असेल. अण्णा ती वैरण नावानिशी सांगे. करडईची पेंड, उसाचं वाढं, कोबीचा पाला. एका लग्नात बासुंदीचा पहिला घोट घेऊन त्याने यजमानाला जवळ बोलावलं. "पाव्हणं, धारेच्या आधी मेथी घातली व्हती का?" यजमान ओशाळला.

मी तेव्हा एका दैनिकाचा बातमीदार होतो आणि केंद्रासमोरच राहत होतो. संध्याकाळी अण्णा बांधाबांधाने हिंडताना दिसे. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, म्हणे. पण दर गोठ्याशी तो थांबायचा, गव्हाणीत हात घालून बघायचा. चालायला निघालेला माणूस असं करत नाही, अशी माझी नोंद होती.

त्या उन्हाळ्यात बौद्ध वस्तीतल्या एका अक्काचं दूध त्याने परत केलं. "कडू हाय. गाजरगवत खाल्लंय." दुसऱ्या दिवशीही तेच. लागोपाठ तीन दिवस दूध परत गेलं की खातं बंद, हा केंद्राचा नियम. अक्काची एकच गाय, आणि गावात दुसरं केंद्र नव्हतं. वस्ती बघून परत करायलाय, अशी रांगेत कुजबुज झाली. मलाही तो संशय आला.

तिसऱ्या सकाळी मी मुद्दाम रांगेत जाऊन उभा राहिलो. अण्णाने अक्काच्या दुधाचे थेंब टिपले, डोळा मिटला. "कडूच."

"माझ्या गाईनं त्या गवताला तोंड बी लावलं न्हाई, अण्णा. कामून कडू म्हणायलाव?"

"गवतातच बांधली व्हतीस की. म्या बघितलं."

"बघितलं व्हय? मग जीभ काय करायलीय?"

रांग हसली. अक्काने किटली माझ्यापुढे धरली. "सायेब, तुमी घ्या चव."

मी घेतली. दूध गोड होतं. मी तसं सांगितलं. माझ्यामागच्या दोघांनीही चाखून तेच सांगितलं.

अण्णाने स्वतःच्या घरची किटली ओढली, झाकणात दूध ओतून प्यायला. मग रांगेतल्या दुसऱ्या कुणाची तरी किटली घेतली. त्यातलंही प्यायला.

"अक्का," तो खाली बघत म्हणाला, "मागच्या तापापासून मला कशाचीच चव कळंना. गरम का गार, तेवढंच कळतंय."

"मग इतके दिवस?" मागून कुणीतरी विचारलं.

"सांजच्याला बघत व्हतो, सकाळी सांगत व्हतो."

"आन् माझं दूध दोनदा परत केलंस की रं!"

अक्काचं दूध अण्णाने स्वतःच्या हाताने कॅनमध्ये ओतलं. दुसऱ्या दिवसापासून तो केंद्रावर आला नाही.

आठवड्याभराने मी त्याला बांधावर पाहिलं. अक्काची गाय बाभळीला बांधली होती. अण्णा तिच्यापुढे गाजरगवताची जुडी धरून उभा होता. गाईने हुंगलं आणि तोंड फिरवलं.

"टाका ते, अण्णा," अक्का लांबून ओरडली, "हात खाजवत बसाल."

"थांब की जरा," तो म्हणाला, आणि वळसा घालून गाईच्या दुसऱ्या बाजूला गेला.