‘टेक’चे अठरा अर्थ

“सोळावा अर्थ सांग,” हेडमास्तर म्हणाले.

वसंता उभा राहिला, डोळे मिटले आणि पहिल्यापासून सुरू झाला. “टेक म्हणजे घेणे, टेक ऑफ म्हणजे काढणे...”

“सोळावा विचारला रे.”

वसंताने मान डोलावली. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

रत्नागिरीच्या शाळेत मी तेव्हा प्रोबेशनवर होतो, म्हणजे काम पक्क्या मास्तराचं आणि नोकरी कच्ची. चार दिवसांनी इन्स्पेक्टरसाहेब माझा इंग्रजीचा वर्ग तपासणार होते. त्यांचा शेरा चांगला आला तर मी कायम होणार, नाहीतर संगमेश्वरला घरी परत. माझं लग्न ठरलं होतं, पण सासऱ्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की नोकरी पक्की झाल्यावरच मुहूर्त.

‘टेक’ हे क्रियापद मोठं लबाड. एकटं असलं तर अर्थ ‘घेणे’. पुढे ऑफ, डाऊन, आउट असा छोटासा शब्द लागला की अर्थ पार बदलतो. मी असे अठरा अर्थ फळ्यावर लिहिले आणि पाढ्यांसारखे एका सुरात घोकून घेतले. आमच्याकडे सगळं तसंच शिकवत. पोरांना अर्थ आले नाहीत, चाल मात्र आली.

शाळेचे शिपाई रामा तांडेल पूर्वी आगबोटीवर खलाशी होते. शाळा सुटल्यावर फळा पुसता पुसता म्हणाले, “मास्तर, रागवू नका, पन बोलू काय?”

“बोला तांडेल.”

“बोटीवर असलेच हुकूम असायचे. टेक इन, टेक अप. आमच्या सारंगान कधी पाठ करून घेतलान नाय. दोर हातात दिलान नि काम करून दाखवलान. पुन्ना चुकलो तर तोच दोर पाठीवर.”

सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. मला रागच आला. मॅट्रिक झालेल्या माणसाला शिपायाने शिकवावं? पण दुसरं काही सुचतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी यादी बंद केली. ‘टेक ऑफ’ म्हटलं की टोप्या उतरायच्या, ‘टेक डाऊन’ म्हटलं की नकाशा खाली, ‘टेक आउट’ म्हटलं की दप्तरातून पाटी बाहेर. हुकूम तांडेल देत, तेही बोटीवरच्या आवाजात. शेजारचे वर्ग वैतागले. हाताने करून दाखवण्यासारखे अकराच निघाले, बाकीचे मी सोडून दिले.

साहेब आले. त्यांनी उलटसुलट हुकूम दिले, पोरांनी चटाचट करून दाखवले. मग त्यांनी विचारलं, “टेक आफ्टर?”

‘टेक आफ्टर’ म्हणजे एखाद्याच्या वळणावर जाणं. हे सोडलेल्यांपैकीच होतं. पोरं माझ्याकडे बघू लागली. तेवढ्यात जुनी यादी पहिल्यापासून पुटपुटत वसंता उठला. त्याने दारात उभ्या असलेल्या हेडमास्तरांच्या लांब नाकाकडे बोट दाखवलं आणि तेच बोट दुसऱ्या बाकावरच्या त्यांच्या मुलाच्या नाकावर ठेवलं. साहेब तोंडाला रुमाल लावून हसले. हेडमास्तर हसले नाहीत.

“ही पद्धत कुठल्या ट्रेनिंग कॉलेजातली?” साहेबांनी मला विचारलं.

क्षणभर मोह झाला. मग म्हणालो, “बाहेर घंटेपाशी तांडेल उभे आहेत, त्यांच्याकडून शिकलो.”

मी कायम झालो. शेऱ्यात माझं नाव आलं, तांडेलांचं नाही. ऑर्डर हातात पडताच मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर ते मागे सरकले. “असं काय करता मास्तर, पोरां बघतायत.”

“बघू देत,” मी म्हणालो आणि वाकलोच. माझी नोकरी आणि माझा संसार त्यांनी दिला, असंच मी मानतो.

नवे मास्तर सल्ला मागतात तेव्हा एवढंच सांगतो, शाळेत रुजू झालात की आधी शिपायाची ओळख करून घ्या. हेडमास्तर काय, ते आपणहून बोलावतात.