आधी कोणाचा नळ

२०२२ साल, माझं वय एकाहत्तर. शिक्षण चौथी नापास, तरी गावाच्या पाणी समितीचा अध्यक्ष मीच होतो, आणि माझ्या शब्दापुढं कोणी जात नव्हतं.

टाकी झाली, नळ आले, पण तांड्यावर पाणी पोचेना. मी म्हणायचो, मोटर लहान हाय. समितीत तांड्याची एक म्हातारी होती. ती एका बैठकीत म्हणाली, "पाटील, आमच्या नळाला नुसतं वारं येतं. महिन्याभरात पाणी आलं न्हाई तर आमी समिती सोडतो."

गावात पाण्याचं काम करणाऱ्या संस्थेच्या एक ताई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भांडू नका. आठ दिवस नुसतं बघा, लिहा. मग एकच गोष्ट बदला आणि परत बघा."

"बघून पाणी वाढतं व्हय?" मी हसलो.

म्हातारी म्हणाली, "लिहायचं म्हटलं की अध्यक्षाचा हात आखडला."

हे झोंबलं. वही मीच घेतली. आठ दिवस उजाडल्यापासून टाकीजवळ बसलो. कोणत्या गल्लीचा वॉल्व कधी उघडला, कधी बंद केला, सगळं लिहिलं. आठव्या दिवशी बैठकीत वाचायला लागलो आणि मधेच थांबलो. पहिली माझी गल्ली, मग देवळाची, मग खालची. हा तर पोळ्याचा क्रम! ज्या मानानं बैल तोरणाखालून जातात, त्याच मानानं पाणी सुटत होतं. तांड्याचा पोळा वेगळा, म्हणून त्यांचा नंबर टाकी खाली झाल्यावर.

"काहून रे असं?" मी पाणी सोडणाऱ्याला विचारलं.

"तुमचा मान पहिला, मालक. मी कसा मोडू?"

मोटर बराबर होती. दोन वर्षं मी तिलाच शिव्या देत होतो.

आठ दिवस तांडा पहिला, असं ठरलं. लेक म्हणाला, "बाबा, गल्ली हसून राहिली."

"हसू दे."

पहिल्या सकाळी तांड्याच्या शेवटच्या नळापाशी उभा राहिलो. नळ खोकला, लाल पाणी थुंकला, आणि मग अशी धार सुटली की म्हातारीची घागर कलंडली.

"बाजूला व्हा पाटील, धोतर भिजलं."

मी हललोच न्हाई. घरी आलो तर आमच्या नळालाही पाणी होतं. आमची गल्ली टाकीला चिकटून, तिला उरलेलंही पुरत होतं.

आठ दिवसांनी बैठकीत मी सांगितलं, हाच क्रम राहील. गल्लीतला एकजण म्हणाला, "मग तुमचा मान?"

"पोळ्याला घेईन की."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेमागच्या गल्लीत गेलो. तिथल्या शेवटच्या दोन घरांचं कमी पाण्याचं गाऱ्हाणं मी कधी कानावर घेतलं नव्हतं. वही उघडून पहिल्या नळापाशी बसलो आणि पाणी आल्याची वेळ लिहायला लागलो.